वाचता वाचता भेटणारा ख्रिस्त

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी मनमाडचा. मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. आजचा विषय मात्र ख्रिस्ती माणसाच्या घरातला आहे. बायबलच्या वाचनातून ख्रिस्ताशी त्याचं नातं कसं वाढत जातं, याविषयी मला बोलायचं आहे. हा विषय याच्याकडे कसा, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. त्याचं उत्तर आधी देतो.

पवित्र कुराणात हजरत ईसांचं नाव मोठ्या आदरानं येतं. त्यांच्या आईच्या, बीबी मरियमच्या नावाचा एक सबंध अध्याय आहे, एकोणिसावा. साऱ्या कुराणात नावानिशी उल्लेख झालेली ती एकच स्त्री. तेव्हा येशू ख्रिस्त आम्हाला परका नाही. फरक आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. आम्ही त्यांना पैगंबर मानतो. ख्रिस्ती माणूस त्यांना तारणारा, देवाचा पुत्र मानतो. क्रुसावरच्या मरणाविषयीही आमची श्रद्धा वेगळी आहे. पण ग्रंथावरची निष्ठा दोन्हीकडे सारखी. कुराणाच्या अवतरणाची सुरुवातच ‘वाच’ या आज्ञेनं झाली, असं आम्ही मानतो. लहानपणापासून पहाटेची तिलावत ऐकत आल्यामुळे, जन्मभर एकच पुस्तक रोज उघडणाऱ्या माणसाविषयी मला कुतूहल आहे. त्याला त्यातली गोष्ट ठाऊक असते, गोष्टीचा शेवट ठाऊक असतो. मग तो रोज त्यात काय शोधतो?

मनमाडहून दौंडकडे जाणारी रेल्वेलाइन आमच्या रोजच्या बोलण्यातली. या वाटेवरच मला या प्रश्नाची उत्तरं सापडली. वाटेत राहुरी लागते, मग अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. या दोन्ही ठिकाणी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई राहिले. पुढे श्रीगोंदा. तिथले संत शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे, म्हणजे आम्हा मुसलमान मराठी कवींचे वाडवडीलच. दौंडला गाडी बदलून पुण्याकडे निघालं की केडगाव येतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. सुरुवात रमाबाईंपासूनच करतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. तीर्थक्षेत्री जायचं, पुराण वाचायचं आणि मिळेल त्यावर राहायचं, असं त्या कुटुंबाचं जिणं. ग्रंथ मोठ्यानं वाचणं हा ज्या घराचा चरितार्थ, त्या घरातली ही मुलगी. विशीच्या आत हजारो श्लोक मुखोद्गत. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पुढे आसामात, सिल्चरच्या घरी, पतीच्या पुस्तकांत तिला बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि तिनं ते वाचलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला.

इंग्लंडमध्ये असताना, समाजानं टाकलेल्या स्त्रियांना सांभाळणारं एक घर रमाबाईंनी पाहिलं. या स्त्रियांना जवळ करण्याची बुद्धी तुम्हाला कुठून झाली, असं त्यांनी तिथल्या एका सिस्टरला विचारलं. सिस्टरनं व्याख्यान दिलं नाही. योहानच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचला.

त्या अध्यायातली गोष्ट पाण्याची आहे. भर दुपारी एक शोमरोनी बाई याकोबाच्या विहिरीवर येते. तिथं थकून बसलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो. तो यहुदी, ती शोमरोनी. एकमेकांच्या भांड्याला न शिवणारे हे समाज. त्यात ती बाई, आणि तिचा संसार पाच वेळा मोडलेला. येशूला ते सारं ठाऊक आहे, तरी तो तिच्याशी धर्मावर, उपासनेवर बरोबरीनं बोलतो. ही गोष्ट आमच्या मनमाडात समजावून सांगावी लागत नाही. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला येणारं पाणी आम्ही वर्षानुवर्षं काढलं आहे. बायका पाण्याला जातात त्या सकाळी नाहीतर सांजच्याला, आणि घोळक्यानं. उन्हाच्या कहारात एकटी बाई हंडा घेऊन निघते, तेव्हा तिला ऊन परवडतं पण चार बायकांच्या नजरा परवडत नाहीत, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. टाकलेल्या स्त्रीचं दुःख रमाबाईंनी आपल्या देशात डोळ्यांनी पाहिलं होतं. या अध्यायातला ख्रिस्तच आपल्याकडच्या बायकांना उभं करील, असं त्यांना वाटलं.

पण इथंच रमाबाई थांबत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि ती त्यांनी पुढे निखळपणे लिहून ठेवली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय. एवढी पंडिता! तोवर शारदा सदन काढलेलं, मोठमोठ्या धर्मपंडितांशी मतांवर वाद घातलेले. धर्माची तत्त्वं तिला पाठ होती. जाणवत होती ती ओढीची उणीव. त्यानंतरही त्यांनी वाचलं ते बायबलच. पुस्तक तेच राहिलं आणि वाचणारीची गरज बदलली. आधी वाचन मत ठरवण्यासाठी होतं, आता स्वतःला सोपवण्यासाठी झालं. ख्रिस्ती माणूस वाचनातून ख्रिस्ताच्या जवळ जातो म्हणतात, ते हे असं.

रमाबाईंची गोष्ट पुस्तकातून कळते. माझ्या शेजारची एक गोष्ट मी स्वतः ऐकली-पाहिली आहे. आमच्या वस्तीत एक ख्रिस्ती मावशी आहेत. नवरा रेल्वेतून निवृत्त होऊन वारलेला. धाकटा मुलगा ऐन तिशीत आजारानं गेला. त्यानंतर कित्येक महिने मावशींनी बायबल उघडलं नाही. रविवारी उपासनेला जात, पण घरातलं पुस्तक फडताळात कापडात बांधलेलं. मग एक दिवस त्यांनी ते काढलं, तर डोळ्यांना मोतीबिंदू. मला निरोप आला, “बाबा, तू कविता वाचतोस ना? मला जरा हे वाचून दाखव.”

संध्याकाळी अर्धा तास मी वाचू लागलो. आधी त्यांनी स्तोत्रसंहिता वाचायला लावली, तीही देवाला थेट जाब विचारणारी स्तोत्रं. तू कुठं आहेस, का ऐकत नाहीस, असा टाहो त्यात आहे. मावशी म्हणाल्या, “हे पुस्तकातच लिहिलंय म्हटल्यावर मला बोलायला भ्यायचं काय कारण?” मग योहानचा अकरावा अध्याय आला. बेथानी गावात लाजर मेला आहे. त्याच्या बहिणी रडताहेत. येशू उशिरा पोचतो. पुढे तो लाजराला उठवणार आहे. पण त्याआधी, लोकांचं रडणं पाहून तो स्वतः रडतो. तिथं मावशींनी मला थांबवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अध्याय, पुन्हा तिथंच थांबायचं. आठवडाभर आम्ही त्या जागेच्या पुढं गेलो नाही. एकदा त्या म्हणाल्या, “माझा पोरगा गेला तेव्हा सगळे आले आणि मला म्हणाले, रडू नका. हा एकटा आला आणि रडला.”

मी तो अध्याय याआधीही वाचला होता, त्यातली रचना मला आवडली होती. मावशींना त्यात पाहुणा भेटला. त्यांचा मुलगा परत आला नाही, आणि तो येईल असं वचन त्या पुस्तकातून काढण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. पण फडताळातलं बायबल उशाशी आलं. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चष्मा लागला आणि माझी नोकरी संपली. आता त्या ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचतात.

पूर्वी खेड्यात पोस्टमन मुलाचं पत्र आईला वाचून दाखवायचा. खुशाली आहे, पैसे पाठवले आहेत, पावसापाण्याचं कळवावं, एवढाच मजकूर. तरी आई म्हणायची, परत एकदा वाचा. तिला मजकूर कळला नव्हता असं थोडंच? पत्र लिहिणारा तिचा होता. एका पुस्तकाला जन्मभर वाचणाऱ्याचं कोडं मला या आईवरून उलगडलं.

आता टिळकांकडे येतो. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळकांना ते पुस्तक काही आकर्षक वाटलं नव्हतं. शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं. डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मात्र तुकोबांना त्यांनी सोडलं नाही. तुकारामांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. अभंगात, भजनात ख्रिस्ताला हाक मारली, म्हणून मराठी ख्रिस्ती घरांत आजही त्यांची गाणी आहेत. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाईंना धड वाचताही येत नव्हतं. पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, आणि १९१९ साली टिळक वारल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं. अक्षरओळख उशिरा झालेली बाई ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत लिहिते! वाचन किती खोल गेलं असेल याचा दुसरा पुरावा नको.

आपल्या मराठीत हा ओघ जुना आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीत, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता यावं अशा छंदात. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले.

आणि रमाबाई? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बाया आणल्या. या बायांना उपलब्ध बायबलचं मराठी जड जातं हे त्यांनी पाहिलं. मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. त्यात सतराएक वर्षं गेली. खिळे जुळवायला, छापायला आश्रमातल्याच मुली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. सबंध बायबल १९२४ साली बाहेर आलं. मला जे मिळालं ते प्रत्येकीला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे, मधे कुणी पंडित नको, अगदी मीही नको, असा त्या कष्टांचा अर्थ मी लावतो.

एक इशाराही द्यायला हवा, आणि तो मी माझ्यासकट सर्वांना देतो. ग्रंथ वाचल्यानं माणूस आपोआप देवाच्या जवळ जातो असं नाही. शुभवर्तमानातच आहे, रानात सैतान येशूपुढं येतो तेव्हा तोही शास्त्रवचनच म्हणून दाखवतो. वचनं पाठ असणं आणि वचन अंगी लागणं यांत एवढं अंतर आहे. दुसऱ्यावर भिरकावायला दगड हवेत म्हणून कुणी बायबल वाचतो, कुणी कुराण वाचतो, कुणी गीता वाचतो. त्याला दगड मिळतात. देव मिळत नाही.

येशू स्वतः कसा वाचत होता हेही ग्रंथातच आहे. नासरेथच्या सभास्थानात तो उभा राहून यशयाची गुंडाळी वाचतो, आणि वाचतो तो उतारा गरिबांना, बंदिवानांना, आंधळ्यांना दिलासा देणारा. क्रुसावर, शुभवर्तमानांच्या सांगण्यानुसार, त्याच्या तोंडी जो आकांत आला तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. अखेरच्या घटकेला ओठांवर पाठ असलेलंच येतं. म्हणून ख्रिस्ती माणूस स्तोत्रसंहिता उघडतो तेव्हा तो ख्रिस्ताविषयी वाचतो, आणि ख्रिस्तानं वाचलेलंही वाचतो. आमच्या मावशींना हे कुणी शिकवलं नव्हतं. दुःखात त्यांनी नेमकी तीच पानं काढायला लावली.

तर श्रोतेहो, ख्रिस्ती बंधुभगिनींना माझं एवढंच सांगणं आहे. घरातलं बायबल फडताळात असेल तर खाली काढा. थोडं वाचा, पण रोज वाचा. आपल्या बोलीत, मोठ्यानं वाचा, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याही कानी पडेल. जिथं मन अडेल तिथं घाई न करता थांबा. आणि वाचून झाल्यावर दारात पाण्याला आलेल्या माणसाची जात-धर्म विचारू नका. विहिरीवर त्यानंही विचारली नव्हती. आम्ही इतर शेजारी तुमचं वाचन ओळखणार ते तिथंच.

नमस्कार. खुदा हाफिज.