देसाईगंजच्या ठाण्यातलं सत्य



सत्य माणसाला कळतं काय, हा प्रश्न कॉलेजात फार गोड वाटतो. जरा देसाईगंजला चला. २६ मार्च १९७२ ची रात्र. गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, १९८२ पासून गडचिरोलीत. आदिवासी पोरीनं सांगितलं, ठाण्यातच शिपायानं बलात्कार केला.

१९७४ ला सेशन कोर्टानं तिला खोटारडी ठरवून पोलिसांना सोडलं. १९७६ ला हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ म्हणालं, भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. शिक्षा दिली. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, मग विरोध कुठला? रात्र एक, कागद तेच, सत्यं तीन!

म्हणून सत्यच नसतं, असं कुणी म्हणेल तर मी ऐकणार नाही. काय घडलं ते तिला ठाऊक होतं. जखम मोजता येते साहेब, पण ठाण्यात एकट्या पोरीची वाचा जाते ती कशानं मोजणार?

१९७९ ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मोर्चे निघाले. १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतला संबंध सिद्ध झाला आणि बाई कोर्टात म्हणाली, माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तेच धरून चालायचं. उलट सिद्ध करायचं ते आरोपीनं.

तिचा निकाल मात्र तोच राहिला.