दातांवरचा बुळबुळीत थर

आरे-वारेच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवर चढताना पाय घसरतो, तो एका बुळबुळीत थरामुळे. जिवाणू आणि सूक्ष्म शेवाळं दगडाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात आणि त्याच्या आडोशाला वस्ती करतात. हीच ती बायोफिल्म. पुढे कालवांची पिल्लंही अशाच थरावर येऊन बसतात.

असाच थर आपल्या दातांवरही बसतो. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचं पातळ अस्तर दातांवर चढतं. त्यावर आधी स्ट्रेप्टोकोकस जातीचे जिवाणू बसतात, मग त्यांना धरून इतर. साखर मिळाली की काही जिवाणू तिच्यापासून चिकट द्रव्य बनवतात आणि आम्लही सोडतात. त्या आम्लानं दात किडतो. हिरडीलगत, जिथे प्राणवायू कमी, तिथे वेगळेच जिवाणू वाढतात; हिरड्या सुजतात, रक्त येतं. थर तसाच राहिला तर लाळेतल्या कॅल्शियमनं त्याचं कीटण होतं. मग ते ब्रशनं निघत नाही.

1683 साली हॉलंडच्या लेव्हेनहूकनं स्वतःच्या दातांवरचा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. व्हिनेगरनं चूळ भरली, तरी मेले ते फक्त वरवरचे जीव. आतले जिवंतच होते, हेही त्यानं नोंदवलं. म्हणूनच नुसती चूळ पुरत नाही, थर घासूनच काढावा लागतो.

मशेरीनं मात्र घासू नका. ती जाळलेली तंबाखू आहे, तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टनं दात घासा, आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नका.