भीतीचा धडा नको, पडताळणीचा हवा

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक व पालकांच्या सभेत केलेले भाषण)



शाळेतील मुलांना इंटरनेटचा सुरक्षित व जबाबदार वापर कसा शिकवावा, यावर मी बोलावे अशी आपली सूचना होती. परंतु आरंभ मुलांपासून न करता आपणा प्रौढांपासून करणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षेवर पोट भरणारी, सोलापूर जिल्ह्यातून आलेली माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोचली होती. त्याआधी जूनमध्ये आपल्याच शहरातील पडेगाव भागात बहुरूप्यांना याच संशयावरून मारहाण झाली होती. त्यांचे प्राण वाचले, एवढेच.

हे संदेश पुढे पाठवणारे सारेच दुष्ट होते काय? मला तसे वाटत नाही. पुष्कळांच्या मनात आपल्या लेकरांची काळजीच असणार. म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या नावानेच हे बळी गेले, हे कटू सत्य आपण पचवले पाहिजे. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत वस्तुतः कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. पळवलेले मूल परत आणून सोडतात, हा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा अफवेचा पुरावा बनला!

अफवा नवी होती. संशय मात्र जुना होता. 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय गेली नाही. मोबाइलने त्या सवयीला वेग दिला. जुलै 2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ती योग्यच होती. परंतु यंत्राची मर्यादा विवेकाची जागा घेऊ शकत नाही. विवेक शिकवावा लागतो आणि त्याची जागा शाळा ही आहे.

केरळातील कण्णूर जिल्ह्याच्या प्रशासनाने त्याच वर्षी सुमारे दीडशे सरकारी शाळांमध्ये खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे सुरू केले. आपल्याकडे असा तास घेण्यास संगणक-कक्षाचीही गरज नाही. फिरत असलेला एक संदेश फळ्यावर लिहावा आणि मुलांना विचारावे : हा कोणी लिहिला? केव्हाचा, कुठला? यातून काय कापले आहे? आणि हा खोटा ठरला, तर इजा कोणाला होईल? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. माझे मूल सुरक्षित राहावे एवढ्यावर न थांबता, माझ्या मुलाच्या बोटाने दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त होऊ नये, हेही शिक्षणच होय.

पालकांना एक विनंती. मुलीला कोणी धमकावले, तिचे छायाचित्र विकृत करून पसरवले, तर आपण पहिल्यांदा तिचाच फोन काढून घेतो. काही घरांत तिची शाळाही बंद होते. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला! मग पुढच्या वेळी ती सांगेल कशाला? मुलांच्या मदतीसाठी 1098 आणि सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठी 1930 हे क्रमांक आहेत. ते वर्गाच्या भिंतीवर अवश्य लावा. परंतु मुलाने पहिली हाक आपल्याला मारावी, इतका विश्वास घरात आणि वर्गात असल्याशिवाय त्या क्रमांकांचा उपयोग होणार नाही.

अनेक कष्टकरी घरांत आलेला संदेश वाचून दाखवणारे पहिले माणूस शाळेत जाणारे मूलच असते. त्या मुलाने एकदा जरी म्हटले, ‘‘बाबा, थांबा, हे खरे आहे का, आधी पाहू,’’ तर एखाद्या गावात एखादा जमाव जमणार नाही. राईनपाड्यात त्या पाच जणांना ‘थांबा’ म्हणणारे आवाज पुरेसे मिळाले नाहीत. ते आवाज घडवण्याचे काम आपले आहे.