चार्जिंगच्या जुन्या कंदिलात एलईडी दिवा

रात्रीच्या पाळीला वीज आली, तुम्ही दारं धरायला गेलात आणि दोन सऱ्या भिजल्या नाहीत तोच कंदील मिणमिणायला लागला. बांधावर फुरसं, मण्यार असते. अशा वेळी उजेड गेला की माणूस चाचपडतो आणि नको तिथं पाय पडतो.

सहा व्होल्टची बॅटरी आणि सहा वॅटची बारकी ट्यूब असलेला जुना कंदील बऱ्याच घरी माळ्यावर पडून असतो. ही ट्यूब बॅटरीतून एक अँपिअरच्या वर वीज ओढते. साडेचार अँपिअर-तासांची नवी बॅटरी असली तरी तीन-चार तासांत खेळ खलास! एक वॅटचा पांढरा एलईडी पाव अँपिअरवर भागवतो. चांगली बॅटरी रात्रभर पुरते. ट्यूबइतका लख्ख उजेड पडणार नाही हे आधीच सांगतो, पण पायाखालचं नीट दिसतं.

मी पहिल्यांदा घाई केली. एलईडी थेट बॅटरीला जोडला. क्षणभर डोळे दिपले आणि दिवा गेला तो गेलाच. एलईडीला तीन-सव्वातीन व्होल्टच लागतात, वरचा दाब अडवायला मध्ये रेझिस्टन्स हवाच. बारा ओहम, दोन वॅटचा मागून घ्या. रंगाचे पट्टे असले तर पहिले तीन तपकिरी, तांबडा, काळा असे दिसतील. तो तापतो, म्हणून प्लास्टिकला टेकू देऊ नका.

आता जोडणी. आधी चार्जिंगची वायर भिंतीतून काढा, आत २३० व्होल्ट खेळत असतात. मग बॅटरीची एक तार सोडवा. ट्यूब आणि तिला वीज चढवून देणारी पट्टी काढून टाका, चार्जिंगच्या तारांना मात्र हात लावू नका. बॅटरीची लाल तार बटणाला, बटणातून रेझिस्टन्सला, तिथून एलईडीच्या अधिक खुणेला. उणे खुणेची तार बॅटरीच्या काळ्या तारेला. दिवा लागला नाही तर एलईडीच्या तारा उलट झाल्यात का पाहा. सांधे कथलानं झाळा, नुसता पीळ दिलेली तार ओलीत गंजते.

एलईडी पाठीमागून तापतो. तळव्याएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा, फुटक्या डब्याच्या झाकणाचा चालेल, त्यावर स्क्रूनं घट्ट बसवा. हे टाळलं तर दिवा लवकर मंदावतो.

एक गोष्ट विसरू नका. पूर्वीची पट्टी काही कंदिलांत बॅटरी उतरली की दिवा आपोआप बंद करी. आता ते काम तुमचं. उजेड पिवळसर नव्हे, नुसता मंद होईल. तेवढ्यावर बटण बंद करून सकाळी चार्जिंगला लावा. कंदील वापरात नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. बॅटरी फुगली असेल तर ती वापरू नका आणि विहिरीकाठी, उकिरड्यावर टाकूही नका, आत शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना दुकानदाराला परत द्या.