शंकूसारखे पारपटल आणि अल्प साधने



मुलाच्या चष्म्याचा नंबर वरचेवर बदलावा आणि नवा चष्मा लावूनही फळ्यावरील अक्षरे दुहेरीच दिसावीत, असे घडू लागले की घरची मंडळी बहुधा मुलाच्या आळसाला दोष देतात. अशा वेळी केराटोकोनस या व्याधीची शंका घेणे इष्ट होय. तीत डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येतो. ही व्याधी बहुधा किशोरवयात डोके वर काढते व डोळे सतत चोळण्याने बळावते.

अशा उंचसखल पृष्ठभागावर पुढे चष्म्याचा इलाज चालत नाही. कडक कॉन्टॅक्ट लेन्स बसविली असता मधली पोकळी अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला नितळ पृष्ठभाग लाभतो. पॅरिस येथे यूजीन काल्त यांनी १८८८ साली काचेच्या भिंगाने हाच मार्ग चोखाळला होता.

पारपटलाचा नकाशा काढणारी महागडी यंत्रे सर्वत्र नसतात. परंतु त्यांतील अनेकांचे मूळ तत्त्व पोर्तुगीज नेत्रवैद्य आंतोनियु प्लासिदु यांच्या १८८० मधील साध्या तबकडीत आहे. तिच्यावरील काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचे प्रतिबिंब शंकूवर वेडेवाकडे उमटते. साधा केराटोमीटर सुमारे ५२ डायॉप्टरपर्यंतच वक्रता मोजतो, त्याच्यापुढे +१.२५ चे भिंग लावल्यास ही मर्यादा सुमारे ६१ पर्यंत वाढते.

यापुढील काम चाचणी-लेन्सच्या संचाचे. लेन्स घालून, अश्रू स्थिरावल्यावर, डोळ्यात फ्लुओरेसीनचा रंग सोडावा व निळ्या दिव्याने पाहावे. हिरवे दिसते तेथे अश्रू साचलेले असतात. काळसर दिसते तेथे लेन्स टेकलेली असते. शंकूच्या टोकावर तिचा स्पर्श अगदी हलका हवा. तो जड झाल्यास तेथे व्रण पडू शकतो. म्हणून एकामागून एक लेन्स बदलून पाहावी लागते, आणि काही दिवसांनी डोळा पुन्हा तपासावा लागतो.

येथे दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. विहिरीचे वा नळाचे पाणी लेन्सला कदापि लावू नये. त्यातील अकँथामीबा या सूक्ष्म जीवामुळे दृष्टी जाऊ शकते. दुसरे असे की, लेन्स दृष्टी देते, व्याधी थांबवीत नाही. व्याधी वाढत असल्यास क्रॉस-लिंकिंग या उपचारासाठी मुलाला वेळीच मोठ्या इस्पितळात धाडावे. रिबोफ्लेविन व अतिनील किरणांच्या या उपचाराचे पहिले रुग्णानुभव जर्मनीतून २००३ साली प्रसिद्ध झाले.

देवस्थानाच्या अग्रशाळेत भरणारे एक दिवसाचे शिबिर मोतीबिंदूचे रुग्ण हेरण्यास पुरेसे असते. या व्याधीला मात्र तोच प्रशिक्षित नेत्रपरीक्षक, तोच लेन्सचा संच आणि ठरावीक मुदतीने पुन्हा येण्याची सोय हवी. महाजनांनी दानधर्माचा विचार करताना अशा एका संचाची व त्या परीक्षकाच्या नियमित फेऱ्यांची तरतूद केल्यास, अभ्यासात मागे पडलेल्या एखाद्या मुलाला फळा पुन्हा वाचता येईल.