भाजलं तर आधी पाणी
(मासिक बैठकीतील भाषणातून)

तायांनो, आखाजीला खापर तापतं, घाई होते आन् कुणाच्या तरी हाताला चटका बसतोच. मग कोणी हळद आणतं, कोणी तूप, कोणी टूथपेस्ट. त्याने आग शमत नाही, जखम मात्र चिघळू शकते.

पहिलं औषध म्हणजे साधं गार पाणी. बांगड्या, अंगठी लगेच काढा. सूज आल्यावर निघत नाहीत. भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. नळ नसेल तर तांब्याने धार सोडा. बर्फ नको. कातडी फाटलेली नसेल तर नंतर कोरफडीचा स्वच्छ गर लावा. फोड फोडू नका, वर धुतलेलं सुती फडकं सैल बांधा.

आपल्याकडे केळी भरपूर. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांची पट्टी वापरली. ती जखमेला चिकटत नाही. पण ती पानं निर्जंतुक केलेली होती. शेतातलं पान तसंच लावू नका.

भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा किंवा सांधा भाजला असेल, लहान लेकरू असेल, तर १०८ ला फोन करा. ‘सैपाक उरकून जाते’ म्हणू नका. सैपाक दुसरं कोणी करील.