बेसबॉलपटूची कंबर

बेसबॉलचा सामना प्रथमच पाहणाऱ्याची नजर पिचरच्या हातावर खिळून राहते. मातीच्या लहानशा उंचवट्यावरून तो चेंडू फेकतो, आणि साठ फूट सहा इंचांवर असलेल्या होम प्लेटपाशी फलंदाज बॅट उगारून उभा असतो. चेंडूचा वेग ताशी ९० मैलांहून अधिक असला म्हणजे हे अंतर कापण्यास त्याला सेकंदाचे सुमारे चार दशांश एवढाच अवधी पुरतो. तेवढ्यात फलंदाजाने चेंडू ओळखायचा, खेळावा की सोडावा हे ठरवायचे आणि सारे शरीर वळवून बॅट फिरवायची. दोघांच्याही बाबतीत हात दिसतो खरा, परंतु हात हा साखळीतील शेवटचा दुवा होय.

आसूड ओढणाऱ्या माणसाची मूठ फार वेगाने हलत नाही. वेग वादीतून पुढे सरकत वाढत जातो आणि टोकाशी फटका बसतो. पिचरच्या शरीरात असेच घडते. पुढे टाकलेला पाय जमिनीवर रोवला जातो, मग श्रोणि म्हणजे ओटीपोटाचा अस्थिमय घेर वळतो, त्यामागून छाती वळते, नंतर खांदा आणि सर्वांत शेवटी मनगट. श्रोणि वळू लागली तरी छाती क्षणभर मागेच राहिलेली असते, आणि या मागे राहण्यातूनच फेकीचा जोर साठतो. प्रयोगशाळांतील मापनांनुसार व्यावसायिक पिचरची छाती सेकंदाला हजार अंशांहून अधिक गतीने फिरते. श्रोणि आणि छाती यांच्या मधोमध जे आहे ते कमरेचे पाच मणके.

हे पाच मणके वळण्यासाठी घडलेले नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटेल. त्यांचे काम भार पेलण्याचे आणि पुढेमागे वाकण्याचे. त्यांच्या मागील बाजूचे लहान सांधे असे उभे बसविलेले आहेत की, मणका थोडा फिरताच एका बाजूचे पृष्ठभाग एकमेकांवर टेकतात. दोन मणक्यांमध्ये जेमतेम दोन-तीन अंशांचे वळण मिळते. पाचही मिळून दहा-पंधरा अंश. छातीच्या बारा मणक्यांना मिळून याच्या दुपटीहून अधिक वळता येते. खाली खुब्याचा सांधा तर उखळीचा. मांडीच्या हाडाचा गोल माथा त्यात सर्व दिशांनी फिरतो. ‘कंबर वळविणे’ हा शब्दप्रयोग भाषेत रूढ असला, तरी प्रत्यक्षात वळतात ते बहुतांशी खुबे आणि छाती.

आता उजव्या हाताने फेकणाऱ्या पिचरचे उदाहरण घेऊ. त्याचा डावा पाय पुढे रोवलेला असतो आणि त्याची श्रोणि त्या पायावर डावीकडे वळते. याचाच अर्थ असा की, डावा खुबा आतल्या बाजूस पुरेसा फिरला पाहिजे. तो ताठरलेला असेल, तर श्रोणि मध्येच अडते. चेंडू मात्र फेकायचाच असतो. छातीला मिळालेला वेग थांबत नाही. अशा वेळी उरलेले वळण कमरेच्या मणक्यांकडून वसूल केले जाते. हे मणके मागे झुकलेले आणि त्याच वेळी पिळलेले अशा अवस्थेत असतात, आणि नेमकी हीच अवस्था त्यांना सर्वाधिक बाधक ठरते. उजव्या हाताच्या फलंदाजाचे शरीरही डावीकडेच वळते. म्हणून अशा खेळाडूच्या मणक्याला तडा गेला, तर तो बहुधा डाव्या बाजूस आढळतो. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजाचीही कथा हीच आहे. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली याच्या पाठीतील १९७३ सालचे अस्थिभंग क्रिकेटप्रेमी वाचकांना ठाऊक असतील.

तथापि येथे घाई करून चालणार नाही. ताठर खुबा आणि दुखरी कंबर या गोष्टी एकत्र आढळतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दुखण्यामुळेही माणूस आखडतो. चकत्यांचे चित्र असेच फसवे असते. जपानमधील विद्यापीठीय खेळाडूंची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत बेसबॉलपटूंपैकी निम्म्याहून अधिकांच्या कमरेच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या, आणि खेळ न खेळणाऱ्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण पुष्कळ कमी होते. पण झिजलेली चकती असूनही कसलीच तक्रार नसणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. छायाचित्रावर नव्हे, तर खेळाडूवर उपचार करावयाचे असतात, हे वैद्यकातील जुने सूत्र कमरेच्या बाबतीत पदोपदी आठवावे लागते.

दुखणे जडले म्हणजे काय होते, याचे एक ठळक उदाहरण न्यूयॉर्क यांकीज संघाच्या डॉन मॅटिंग्लीचे आहे. १९८५ ते १९८७ या तिन्ही हंगामांत त्याने तीस किंवा अधिक होमरन काढले. १९८७ मध्ये तर सलग आठ सामन्यांत होमरन काढून त्याने विक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी पाठीची तक्रार पुढे आली. त्यानंतर तो तीसचा आकडा पुन्हा कधीही गाठू शकला नाही, आणि १९९५ च्या हंगामानंतर, वयाच्या पस्तिशीच्या आतच, त्याची कारकीर्द संपली. हात, दृष्टी, चेंडूची पारख सारे शाबूत होते; वळणाऱ्या शरीरातील जोर मात्र ओसरला होता.

परंतु खरी चिंता प्रौढ खेळाडूची नाही. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलाचे हाड अद्याप पक्के झालेले नसते. मणक्याच्या मागील कमानीत हाडाचा एक अरुंद पूल असतो. वारंवार पिळवटल्याने त्यात प्रथम सूज येते, मग केसासारखी भेग पडते आणि दुर्लक्ष झाले तर दोन तुकडे कायमचे सुटे राहतात. जपानी शल्यविशारदांनी या विकाराचा विशेष अभ्यास केला आहे. त्यांचा अनुभव असा की, भेग अगदी आरंभीच्या अवस्थेत सापडली आणि मुलाने पट्टा बांधून खेळापासून विश्रांती घेतली, तर सुमारे तीन महिन्यांत हाड बहुधा सांधते. शेवटच्या अवस्थेत ते सांधण्याची आशा जवळजवळ नसते. दुर्दैव असे की, आरंभीची ही अवस्था साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय तपासणी लागते. आणि त्या अवस्थेत मुलगा धावू शकतो, खेळू शकतो, किंचित दुखते एवढेच म्हणतो. सहनशीलतेची थोरवी जेथे गायिली जाते, तेथे तो तेवढेही म्हणत नाही. कंबर मागे झुकविताना एका बाजूस होणारी वेदना दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तिला ‘स्नायू आखडला’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे.

शरीराची लवचिकता वाढविण्याचे उपाय साधे आहेत. मात्र ते योग्य जागी व्हावयास हवेत. दुखणाऱ्या कमरेलाच पिळे देऊन ती ‘मोकळी’ करण्याची सवय अनेक खेळाडूंना असते. जो भाग आधीच अतिरिक्त वळतो आहे त्याला आणखी वळविण्याचा हा प्रकार होय. मोकळे करावयाचे ते खुबे, मांडीचे मागचे स्नायू आणि छातीचा कणा. कमरेभोवतीचे स्नायू मात्र बळकट करावयाचे. तोकुशिमा येथील डॉक्टरांनी मांडीच्या मागील स्नायूंसाठी एक सोपा व्यायाम पुढे आणला. उकिडवे बसून दोन्ही हातांनी घोटे मागून धरावयाचे, छाती मांड्यांना चिकटवावयाची आणि ती न सोडता गुडघे हळूहळू सरळ करावयाचे. चार आठवड्यांच्या नियमित सरावाने स्पष्ट फरक पडतो, असे त्यांना आढळून आले. खुब्याची पारख तर पालकांनाही करता येते. मुलाला पालथे निजवून गुडघे काटकोनात वाकवावे आणि दोन्ही पावले बाहेरच्या बाजूस पडू द्यावी. एक पाऊल दुसऱ्याहून उघडच कमी पडत असेल, तर तो खुबा आतल्या बाजूस नीट फिरत नाही.

लवचिकता कितीही असली, तरी फेकींच्या संख्येला मर्यादा हवीच. जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये कोशिएन येथील स्पर्धेला उत्सवाचे रूप आहे. तेथे १९९८ साली दाइसुके मात्सुझाका याने सतरा डाव चाललेल्या एकाच सामन्यात अडीचशे चेंडू टाकले, आणि देशाने त्याचे कौतुक केले. २०२० पासून एका पिचरने आठवड्यात पाचशेहून अधिक चेंडू टाकू नयेत, असा नियम तेथील शालेय संघटनेने लागू केला. ही मर्यादा सामन्यांतील फेकींची आहे. सरावात टाकलेले चेंडू तीत धरले जात नाहीत, आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला मुले शेकडो वेळा नुसतीच बॅट फिरवितात, त्या वळणांचा हिशेब तर कोणीच ठेवीत नाही.